व्हीआर रेसिंग रिग, ठाणे: मे ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

१ मे २०२५, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तेव्हा व्हीआर रेसिंग रिगचा आजच श्रीगणेशा. रिग म्हणजे डोळ्यांवर व्हीआर हेडसेट घालून पीसीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवलेला सांगाडा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या टू बीएचकेतली छोटी खोली या कामाला मिळाली आहे. इस्त्रीचं टेबल आणि पाहुण्यांच्या गाद्याही तिथेच राहणार, म्हणजे जे उभं करीन ते हलवता आलं पाहिजे.

सामान लिहून ठेवते. पीसी घरचाच: प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० टीआय, १६ जीबी रॅम. स्टिअरिंग आणि पेडल लॉजिटेक जी२९, सेकंडहँड, १३,००० रुपये. हेडसेट मेटा क्वेस्ट ३, तोही सेकंडहँड, ३८,५०० रुपये. त्याच सुमारास एचपी रिव्हर्ब जी२ बराच स्वस्तात मिळत होता आणि त्याचा पडदाही चांगला, प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६०. पण तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या व्हीआर सॉफ्टवेअरवर चालतो आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून तेच काढून टाकलं. माझ्या पीसीवर २४एच२ आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. जुना हेडसेट स्वस्तात बघणाऱ्यांनी आधी आपल्या विंडोजची आवृत्ती तपासावी.

गेम असेटो कोर्सा. कुनोस सिम्युलाझिओनीचा, २०१४ चा. जुना असल्यामुळे कार्डावर हलका, आणि कंटेंट मॅनेजर व कस्टम शेडर्स पॅच ही जोड-सॉफ्टवेअरं बसवली की व्हीआरमध्ये अजूनही सुंदर चालतो. मध्यम कार्ड असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने दिसायला भारी, पण अनरिअल इंजिनवर आहे आणि व्हीआरमध्ये कार्डाचा घाम काढतो.

आज नुसतं जोडून पाहिलं. कॉम्प्युटर टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल, बसायला ऑफिसची खुर्ची. ब्रेक दाबला की खुर्ची मागे जाते. मॉनिटरवर खेळताना एवढं जाणवत नाही. व्हीआरमध्ये मात्र गाडी जागेवर राहते आणि आपलं डोकं सीटच्या पाठीतून आरपार मागे जातं. दोन-तीन वळणांतच पोटात ढवळलं.

४ मे, रविवार

मळमळीबद्दल जे कळलं ते. आधी कपाळाला गार घाम येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. तिथेच हेडसेट उतरवायचा. "एवढा एक लॅप" म्हणून रेटलं की संध्याकाळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी नुसता हेडसेट हातात घेतला तरी मळमळतं.

माझ्या बाबतीत गाडी चालवण्यापेक्षा आजूबाजूच्या गोष्टीच जास्त त्रास देत होत्या. ट्रॅक लोड होताना चित्र गोठतं आणि डोकं वळवलं की अख्खं जग डोक्याबरोबर फिरतं. लोडिंगला डोळे मिटायचे. गाडी गरगरली तरी डोळे मिटायचे, थांबल्यावरच उघडायचे. रीप्ले हेडसेट घालून बघायचाच नाही. गेममध्ये जी-फोर्सनुसार, म्हणजे वळताना आणि ब्रेक लावताना बसणाऱ्या ओढीनुसार, डोकं हलवणारे स्लायडर असतात, ते सगळे शून्यावर. मॉनिटरवर त्यांनी मजा येते. व्हीआरमध्ये आपली मान आपण हलवायची, गेमने नाही.

१० मे, शनिवार

खुर्चीचा प्रश्न सुटल्याशिवाय बाकी कशातच अर्थ नाही, म्हणून सकाळी वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेटरकडे. ॲल्युमिनियम प्रोफाइलची तयार रिग सुंदर असते, पण तिची किंमत माझ्या हेडसेटच्या पुढे जात होती. चाळीस बाय चाळीस एमएमचा एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइप, दोन एमएम जाडीचा, मीटरला साधारण २.४ किलो. सगळ्या रिगला सात मीटर लागला, म्हणजे सतरा किलोच्या आसपास लोखंड.

कागदावरचं चित्र बघून मिस्त्री म्हणाले, "ताई, या स्टिअरिंगच्या खांबाला तिरकं काहीच नाहीये. डुलेल हा."

"जी२९ ला एवढा जोर नसतो हो दादा. गुडघ्यांना जागा पाहिजे, म्हणून मोकळं ठेवलंय."

"जोर स्टिअरिंगचा नाही, तुमच्या हातांचा. आता नको तर नको, पण टोकं मी बंद करून देत नाही, म्हणजे नंतर जोडता येईल."

वेल्डिंग, ग्राइंडिंग, रेड ऑक्साइड आणि काळा रंग धरून ७,२०० रुपये. पावडर कोटिंगची गरज नव्हती, खोलीत पाऊस येत नाही.

१८ मे, रविवार

सीट. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून छोट्या गाडीची ड्रायव्हर सीट, स्लायडर आणि रिक्लाइनरसकट, ४,००० रुपये. टेम्पोचे ९०० वेगळे. घेताना खाली वाकून वायरी बघाव्यात. पिवळा कनेक्टर दिसला तर सीटमध्ये एअरबॅग असण्याची दाट शक्यता, तिला हात लावायचा नाही. माझ्या सीटला कनेक्टरच नव्हता.

बसवण्यात अख्खा रविवार गेला. गाडीचा फ्लोअर सपाट नसतो, त्यामुळे स्लायडरचे पुढचे पाय आणि मागचे पाय एका पातळीत येत नाहीत. सपाट पाइपावर ठेवली तर सीट तीन पायांवर उभी राहते, आणि बोल्ट आवळून जबरदस्तीने बसवली तर स्लायडर जाम होतो. मागच्या बाजूला पट्टीचे तुकडे आणि जाड वॉशर घालून पॅकिंग केलं, मग एम१० चे बोल्ट. स्लायडर हाताने मोकळा सरकतोय ना हे प्रत्येक बोल्टनंतर बघत गेले.

पेडलखाली आधी १२ एमएमची प्लाय लावली होती. जी२९ च्या ब्रेकमध्ये आत रबराचा ठोकळा आहे, शेवटचा टप्पा चांगला कडक लागतो, आणि त्या जोराने प्लायच वाकत होती. पाय ब्रेक दाबतोय की लाकूड, ते कळेना. १८ एमएमची मरीन प्लाय कापून आणली, काम झालं. रिगखाली जाड रबर मॅट घातली. व्हिट्रिफाइड टाइलवर लोखंड सरकतं, आणि पेडलचा धप्प आवाज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो. खालच्या काकूंना विचारून घेतलं. मॅट घातल्यापासून काही ऐकू येत नाही म्हणाल्या.

२४ मे, शनिवार

मिस्त्रींचं खरं निघालं. वळणात हातांचा भार खांबावर येतो आणि स्टिअरिंग अर्धा-पाऊण इंच खाली-वर होतं. डोळ्यांसमोरचं स्टिअरिंग मात्र स्थिर. हाताला एक कळतं, डोळ्याला दुसरंच, आणि ही तफावत थेट पोटात जाते. रिग टेम्पोत टाकून परत वागळेला नेली, दोन्ही बाजूंनी तिरके सपोर्ट लावून घेतले, ६०० रुपये. टोकं उघडी ठेवली होती म्हणून अर्ध्या तासात झालं. गुडघ्यांनाही जागा पुरते.

२६ मे, सोमवार

मुंबईत आज मान्सून दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच नाही. रिगच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की हवेतला दमटपणा आता सप्टेंबरपर्यंत हटणार नाही. त्याबद्दल वेगळी नोंद करीन.

१ जून, रविवार

आजचं काम सगळ्यात समाधानाचं. गेममधलं स्टिअरिंग खऱ्या स्टिअरिंगवर बसवलं.

पद्धत अशी. सीट, पेडल आणि स्टिअरिंग आधी शरीराला सोयीचं लावून पक्कं करायचं. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलेलं, पाठ सीटला. त्यानंतर खऱ्या वस्तूंना हात लावायचा नाही, जे हलवायचं ते गेममधलं. गेममध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यांची जागा पुढे-मागे, वर-खाली सरकवता येते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवायचे, हेडसेटमध्ये दिसणारे हात बघायचे, मग नाकापाशी जी फट राहते तिच्यातून खाली खरी बोटं बघायची. माझी बोटं गेममधल्या स्टिअरिंगच्या तळहातभर अलीकडे होती. थोडं सरकवलं, पुन्हा बघितलं, पुन्हा सरकवलं. ज्या क्षणी दोन्ही कडा एकावर एक आल्या, त्या क्षणी खोली गायब झाली. डोळे मिटून हात सोडला आणि परत नेला, तर जिथे दिसत होतं तिथेच स्टिअरिंग हाताला लागलं. हे शब्दांत नीट येत नाही, पण तेवढ्यानेच मळमळ निम्म्यावर आली.

हे प्रत्येक गाडीसाठी वेगळं करावं लागतं. गाड्या दोन-तीनच ठरवाव्यात आणि त्याच चालवाव्यात.

आयपीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, नौपाड्यातल्या चष्म्याच्या दुकानात मोजून घेतलं: ६४. क्वेस्ट ३ ला खाली चाक आहे, फिरवलं की आकडा डोळ्यांसमोर दिसतो. मुलीचं ५९ आहे. तिने घातल्यावर चाक फिरतं, आणि माझ्या वेळी परत ६४ वर न्यायचं राहिलं की दहा मिनिटांत डोळे ओढले जातात. हेडसेटच्या पट्टीवर दोन्ही आकडे लिहून चिकटवले आहेत.

चष्मेवाल्यांसाठी एक गोष्ट. पडदा डोळ्याला लागून असला तरी भिंगं त्याची प्रतिमा मीटरभराच्या पलीकडे नेतात, म्हणून जवळचा नंबर कामाचा नाही, दूरचाच लागतो. माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. त्यातून समोरचं स्वच्छ दिसायचं, पण डॅशबोर्डकडे नजर खाली गेली की धूसर. दूरच्या नंबरचा साधा, लहान फ्रेमचा चष्मा करून घेतला, १,६०० रुपये. चेहऱ्याकडची गादी क्वेस्ट ३ मध्ये पुढे-मागे करता येते. ती एक घर पुढे घेतली, म्हणजे चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासत नाही. तिथे ओरखडा पडला की तो कायमचा.

८ जून, रविवार

फ्रेम, म्हणजे गेम एकामागून एक काढतो त्यातलं एकेक चित्र. भाचा आला होता. तो इंजिनिअरिंगला आहे आणि या विषयात माझ्या दोन पावलं पुढे.

"मावशी, तू दिसण्याकडे बघतेस. आलेखाकडे बघ."

९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं असताना, प्रत्येक फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते दाखवणारा माझा आलेख कधी १४, कधी १६. तेवढ्यात जमलं नाही की मेटाचं लिंक सॉफ्टवेअर खऱ्या फ्रेम ४५ वर आणतं आणि मधल्या फ्रेम अंदाजाने बनवतं. एरवी हे चांगलं, पण रेसिंगमध्ये कॉकपिटचा खांब, कुंपणाच्या जाळ्या आणि शेजारून जाणाऱ्या गाडीची चाकं थरथरतात. कीबोर्डवर कंट्रोल आणि नंबरपॅडचा १ दाबला की ते बंद होतं. बंद केल्यावर थरथर गेली आणि धक्के सुरू झाले, म्हणजे मूळ दुखणं उघडं पडलं.

क्वेस्ट ३ चा पडदा प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८. दोन्ही मिळून ९१ लाख पिक्सेल, ४के मॉनिटरपेक्षाही जास्त. ३०६० टीआयकडून ते ११ मिलिसेकंदांत मागणं अन्यायच आहे. म्हणून ७२ हर्ट्झ, म्हणजे १३.९ मिलिसेकंद. ७२ ला चित्र लुकलुकतं अशी तक्रार असते. मला पहिल्या दिवशी उजळ आकाशात थोडं जाणवलं, नंतर नाही.

मग एकेक गोष्ट बंद करून आलेख बघितला. सगळ्यात मोठा फरक पोस्ट-प्रोसेसिंग, म्हणजे तयार चित्रावर वरून चढवलेले परिणाम, बंद केल्याने पडला. त्यानंतर आरसे: त्यांचं रेझोल्यूशन कमी केलं, चालवताना काही कळतही नाही. सावल्या मध्यम. प्रतिबिंबं एका फ्रेमला एकच बाजू काढतील अशी. मोशन ब्लर बंद. एमएसएए, म्हणजे कडा गुळगुळीत करणारं सेटिंग, मात्र चार पट ठेवलं, कारण कडा दातेरी झाल्या की वळण किती मीटरवर आहे ते सांगणारा लांबचा ब्रेकिंगचा बोर्ड वाचता येत नाही, आणि या गेममध्ये ते फार महागही पडत नाही.

एवढं करूनही रेसच्या सुरुवातीला धक्के यायचेच. ते कार्डाचे नव्हते, प्रोसेसरचे होते. बाकीच्या गाड्यांचं सगळं गणित त्याच्या गळ्यात असतं. २३ प्रतिस्पर्ध्यांवरून १२ वर आले आणि आलेख सपाट झाला. सेटिंग तपासायचं तर रिकाम्या ट्रॅकवर तपासू नये. सगळ्यात मागून सुरुवात करायची, सगळ्या गाड्या समोर असताना. तिथे टिकलं तर सगळीकडे टिकतं.

व्हीआरमध्ये आधी बैठक पक्की हवी, मग फ्रेम सपाट, आणि चित्राचा देखणेपणा त्यानंतर. या क्रमाबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. ज्यांनी आधी महाग कार्ड घेतलं आणि खुर्ची चाकांचीच ठेवली, त्यांची मळमळ कार्डाने जात नाही.

१५ जून, रविवार

केबल. हेडसेट पीसीला जोडायला पाच मीटरची यूएसबी केबल घेतली होती, १,९०० रुपये. चित्र व्यवस्थित, पण पीसीच्या पोर्टमधून मिळणारी वीज हेडसेट खातो त्यापेक्षा कमी, त्यामुळे चार्जिंगला लावलेलं असूनही बॅटरी उतरत जाते. त्यात मानेवर वायरचा भार, आणि डावीकडे वळून आरशात बघितलं की खांद्याला ओढ. वायरलेस करायचं ठरवलं.

हॉलमधल्या राउटरवर जमलं नाही. मधे भिंत, शिवाय संध्याकाळी घरातले सगळेच नेटवर. आमच्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर संपता संपत नाही. खोलीतच वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर ठेवला, तो फक्त हेडसेटसाठी. पीसीपासून राउटरपर्यंत कॅट ६ ची लॅन वायर. दोन्ही मिळून २,९०० रुपये. पीसीही वायफायवर ठेवला तर एकच हवा दोनदा वापरली जाते आणि फ्रेम गळतात, म्हणून वायर हवीच. शेजारपाजारचे बहुतेक राउटर ३६ नंबरच्या चॅनेलवर दिसले, मी १४९ वर गेले. तेवढ्याने अधूनमधून येणारी अडखळ बंद झाली.

पीसीवरचं चित्र हेडसेटला पाठवणारं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल डेस्कटॉप, त्याचा स्वतःचा ओपनएक्सआर रनटाइम (गेम आणि हेडसेट यांच्यातला दुवा), आणि कंटेंट मॅनेजरमध्ये व्हीआरचा मोड ओपनएक्सआर. म्हणजे मधे स्टीमव्हीआर हा आणखी एक दुवा येत नाही आणि प्रोसेसरला थोडा श्वास मिळतो. कोडेक, म्हणजे पाठवण्यासाठी चित्र आवळून लहान करण्याची पद्धत, एचईव्हीसी १० बिट, १५० एमबीपीएस. एव्ही१ या दुसऱ्या कोडेकच्या मागे वेळ घालवू नये. हेडसेटला ते येतं, पण एनव्हिडियाच्या ३० मालिकेच्या कार्डांना एव्ही१ एन्कोड करता येत नाही. ते ४० मालिकेपासून आलं.

बॅटरी सुमारे दोन तास पुरते. मागे बॅटरी असलेला पट्टा घेतला, २,९०० रुपये. वेळ वाढला हा एक फायदा, पण खरा फायदा तोलाचा. ५१५ ग्रॅमचा हेडसेट गालांवर लोंबायचा, तो आता डोक्यावर बसतो.

२९ जून, रविवार

हेडसेट घातला की स्टिअरिंगवरची बटणं दिसत नाहीत. गेममधल्या स्टिअरिंगवरची बटणं वेगळ्याच जागी असतात, त्यामुळे बघून दाबायला गेलं की हमखास भलतंच दबतं. ऐन रेसमध्ये असं दोनदा पॉज झालं.

बोटांना ओळख पटावी म्हणून आधी खड्याच्या टिकल्या चिकटवल्या. घामाने सुटल्या. मग एम-सील मळून मोहरीएवढा ठिपका केला, एका बटणावर एक, दुसऱ्यावर दोन, आणि रात्रभर वाळू दिला. तो अजून आहे. एक ठिपका म्हणजे रिसेंटर (गेममधलं डोकं परत नेमक्या जागी आणणं), दोन म्हणजे पॉज. रिसेंटर स्टिअरिंगवर असायलाच हवं. दर वेळी बसताना डोकं तंतोतंत त्याच जागी येत नाही, आणि त्यासाठी कीबोर्ड चाचपडत बसलं की १ जूनची सगळी मेहनत वाया. बसायचं, पाठ टेकायची, समोर बघायचं, एक ठिपका.

बाकीची बटणं कमी केली. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारं) आणि ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारं), बस. पाण्याची बाटली सीटच्या उजव्या पाइपाला वेल्क्रोने बांधली आहे, नळीसकट. कप कुठेही ठेवायचा नाही.

१२ जुलै, शनिवार

दमटपणाची नोंद. दोन वेगळे त्रास आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

पहिला, भिंगांवर धुकं. एसीत गार पडलेला हेडसेट तोंडाला लावला की चेहऱ्याची वाफ थंड भिंगावर बसते. पुसून उपयोग नाही, परत बसते. आता बसण्याआधी हेडसेट सुरू करून ठेवते, तो आतून थोडा गरम होतो. एसी २६ वर, आणि समोरून टेबल फॅन. फॅनचा अनपेक्षित फायदा असा, की वारा समोरून लागत राहिला की शरीराला समोरची दिशा कळत राहते. मुलीलाही फॅन लावल्यापासून बरं वाटतं. फॅन स्टिअरिंगच्या थोडा खाली, हनुवटीकडे. थेट डोळ्यांवर घेतला तर चष्म्यामागे डोळे कोरडे पडतात.

दुसरा, घाम आणि बुरशी. फोमची गादी घाम पिते, आणि या दिवसांत दोन दिवसांतही वाळत नाही. वास येऊ लागला आणि शिवणीपाशी काळे ठिपके दिसले. ती गादी टाकली. धुता येईल असं सिलिकॉनचं कव्हर आणि आत पातळ सुती पट्टी, रोज बदलायची. हेडसेट आता कपाटात नाही, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर राहतो, कॅमेरावाले लेन्स ठेवतात तसा. पुड्यांचा रंग बदलला की बदलायच्या. सगळं मिळून ९५० रुपये. भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचं नाही. आणि डबा उघडा ठेवून खिडकीपाशी वाळवत बसायचं नाही. ऊन थेट भिंगांत गेलं की ते आतला पडदा जाळतं.

२७ जुलै, रविवार

आज काहीच दुरुस्त करायचं नव्हतं. सकाळभर चालवलं.

बेल्जियममधला स्पा ट्रॅक, ७.००४ किलोमीटर. ला सूर्सच्या वळणाला मॉनिटरवर नेहमी अंदाजाने वळायचे, कारण वळणाचा आतला कोपरा पडद्याच्या बाहेर असतो. आता मान उजवीकडे वळवते, कोपरा दिसतो, हात नजरेच्या मागे जातात. रोजच्या गाडीतही आपण हेच करतो, नुसतं ते खेळात करता येत नव्हतं. तिथून उतार, आणि ओ रूजच्या तळातून समोर जी चढण उभी राहते ती बघून पहिल्यांदा पाय आपोआप उचलला गेला. ही चढण मी मॉनिटरवर कितीदा तरी चढले आहे, तेव्हा ती सपाट रस्त्याचं चित्र होती.

नंतर बुद्ध सर्किट, हौशी लोकांनी केलेल्या मॉडमधलं. ५.१२५ किलोमीटर, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रांप्री झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. टीव्हीवर ते उत्तर प्रदेशातलं सपाट मैदान वाटायचं. तिसऱ्या वळणाची चढण कॉकपिटमधून बघितली तेव्हा कळलं, की वळणाचं टोक शेवटपर्यंत दिसतच नाही आणि ब्रेक कुठे लावायचा हे सवयीनेच ठरवावं लागतं. आपल्या देशातल्या ट्रॅकवर हे असं बसून समजावं याचा मला फार आनंद झाला. भाच्याला फोन करून सांगितलं.

वेळेत मी फार वेगवान झालेले नाही. पण दर लॅपला ब्रेकची जागा तीच येते, कारण शंभर मीटरचा बोर्ड आता खरंच शंभर मीटरवर दिसतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून मुसळधार. ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं होतं, संध्याकाळी तासभर बसले. क्षणभर वीज गेली आणि आली. पीसी बंद पडला, हेडसेटमध्ये काळोख, आणि वीज परत आल्यावर जी२९ ने स्वतःला मोजून घेण्यासाठी टोकापासून टोकापर्यंत गर्रकन फेरी मारली. सुरू होताना ते नेहमीच असं करतं, पण एरवी आपण बघत असतो. माझा अंगठा स्टिअरिंगच्या आरीत होता, मुरगळला नाही एवढंच. मुलीला आता नियम आहे, आणि मलाही: काळोख झाला की आधी हात स्टिअरिंगवरून काढायचे, मग हेडसेट.

यूपीएस घेतला. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉट देतो. माझा पीसी गेममध्ये जवळपास तेवढेच खातो, म्हणून ११०० व्हीएचा, ६,४०० रुपये. राउटर आणि स्टिअरिंगचं ॲडॉप्टरही त्याच्यावरच. गेम नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळतो.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती, ही खोली पाहुण्यांना लागणार. रिग हलवायची तर चाकं हवीत. चार कोपऱ्यांना चार चाकं लावून बघितली. लॉक लावूनही ब्रेकच्या जोराने रिग मागे सरकते, म्हणजे पुन्हा ऑफिसची खुर्ची. काढली. आता दोनच चाकं, मागच्या आडव्या पाइपाला, जमिनीपासून बोटभर वर. रिग जागेवर असताना ती कशालाच टेकत नाहीत. पुढून उचलून मागे कलवली की मग टेकतात आणि ढकलता येते. सीटसकट मी एकटी हलवू शकते. चाकं जुन्या ट्रॉलीची होती.

खर्च: हेडसेट ३८,५००, स्टिअरिंग आणि पेडल १३,०००, लोखंडी काम ७,८००, सीट टेम्पोसकट ४,९००, प्लाय-बोल्ट-मॅट २,३५०, केबल १,९००, राउटर आणि लॅन २,९००, पट्टा २,९००, कव्हर आणि सिलिका ९५०, चष्मा १,६००, यूपीएस ६,४००. एकूण ८३,२०० रुपये, पीसी आणि गेम सोडून. यातली केबल टाळता आली असती. रिग टेम्पोने परत वागळेला नेली त्याचं भाडं यात नाही, कारण तिरके सपोर्ट पहिल्याच दिवशी लावून घेतले तर ते लागत नाही.

पुढचं काम लोड सेलचं, म्हणजे पायाचा जोर मोजणारं, ब्रेक पेडल. पण १८ एमएमची प्लाय त्याला पुरणार नाही, तिथे लोखंडी प्लेट लागेल. गणपती झाले की मिस्त्रींकडे माप घेऊन जाईन.